ढोकेनं लिहून दिलं होतं

सोम., ३ नोव्हें.
छावणीतल्या लीडरशिप कोर्सची माझी ही तिसरी बॅच. विषय भा.बु., म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. जवान म्हणतात 'फीलिंगवाला पिरियड'. लिहितात सगळं अर्जासारखं, मुद्दा १, २, ३, खाली 'सादर'. राग आला की काय होतं, विचारलं. एकाचं उत्तर: 'राग येत नाही. सादर.' हसू आवरलं. मेजरसाहेबांना फक्त गुण वेळेवर हवेत.

आज पेपर दिला. आपल्या बडीबद्दल, म्हणजे कोर्सभर जोडीला नेमून दिलेल्या जवानाबद्दल, दहा ओळी. पंधरा दिवसांत त्याच्यात काय बदल दिसला?

शुक्र., ७
चाळीस पेपर. पाठीचे बारा वाजले. बहुतेकांचा बडी 'मेहनती व हसमुख'. नाईक ढोके (उमरेडकडचा) एकटाच वेगळा. त्याचा बडी नाईक कदम: घरचा फोन कापतो, ताट अर्धं टाकतो, नवी जर्सी ढोकेलाच देऊन टाकली, रविवारी आउटपासवर सुटला की नागपूर स्टेशनवर एकटा गाड्या बघत बसतो. छान टिपलंय. शेरा दिला: 'निरीक्षण उत्तम. पण बडीच्या भावनेचं नाव लिहिलेलं नाही.' ८/१०. उद्या पेपर परत वाटायचे.

सोम., १०
कदम काल आउटपासवर गेला तो संध्याकाळच्या हजेरीला आलाच नाही. फोन बंद. मे.सा.: "घर भागा होगा मॅडम, आ जाएगा."
पिरियड घेतला. विषय 'ऐकून घेणे'. ढोकेनं तासभर मान वर केली नाही.

मंगळ., ११
तास संपल्यावर ढोके थांबला. तपासलेला पेपर टेबलावर ठेवला.
"मी तं लिहून देल्लं होतं, मॅडम."
म्हटलं, मला येऊन सांगायचंस. नाहीतर सुभेदारांना.
"सांगतलं असतं तं चुगली झाली असती. तुम्ही मांगतलं म्हणून लिहिता आलं. मले वाटलं, मॅडमनं वाचलं म्हंजे झालं."
वाचलं होतं. वाचून दोन गुण कापले होते. लाज वाटते. पेपर पर्समध्ये टाकला नि घरी आले.

गुरू., १३
कदम घरी पोचलेला नाही. चौकशी बसली. पेपरबद्दल मे.सां.ना सांगून पाहिलं. "वो क्लास की चीज़ है, रिपोर्ट में क्यों डालना? ढोके फँसेगा. मालूम था, बताया नहीं." बरोबरच आहे. ढोकेचा कोर्स जाईल. माझं कंत्राटही जाईल, ते तेवढं बोलले नाहीत. ढोकेसाठी गप्प बसलेय असं दिवसभर स्वतःला सांगतेय. कुणाला फसवतेय मी?
आई: "काहून वं, जेवून नाई राहिली?" ॲसिडिटी झालीय, म्हटलं.

शनि., १५
कदमचे मोठे भाऊ आलेत, सांगलीकडून. ट्रक चालवतात. दोन दिवस गाडीत काढलेत, शर्ट तोच. मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मनाचं शिकवता म्हणं. काय हुतं त्याच्या मनात?"
कल्पना नाही, म्हटलं. खोटं. पुरतं खोटंही नाही, हे आणखी वाईट.
शोध चाललाय तो नातेवाइकांच्या गावी. स्टेशनवर कुणी गेलेलं नाही. स्टेशनची ओळ माझ्या पर्समध्ये आणि मी...

रवि., १६
सकाळी ढोकेला गाठलं. म्हटलं, पेपर चौकशीत देणार आहे, तुझं नाव वर जाईल. म्हणाला, "नावासकट द्या. कोर्स गेला तं जाईल. बडी हाय तो माहा."

पेपर आधी भावाच्या हातात दिला. सरळ सांगितलं, तो जायच्या दोन दिवस आधी मी हा वाचला होता आणि काही केलं नाही. त्यांनी दोनदा वाचला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चार महिन्यांत त्यानं घरी एवढं कळू दिलं न्हाई," म्हणाले. "ह्याची झेरॉक्स मिळंल का?"

तिथून तिघं स्टेशनवर. भाऊ फोटो दाखवत फिरले. पोलीस, हमाल, वडेवाला, सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. एका चहावाल्यानं फोटो जवळ धरला. "देखा है. उधर बैठता था." कधी? गेल्या रविवारी? त्याच्या आधी? त्याला आठवेना. ढोकेनं चारदा विचारलं, मग तो चिडला.

उद्या दहाला पेपर चौकशीत देणार. ढोकेच्या आधी माझं नाव सांगणार.

चहावाल्यानं दाखवलेल्या बाकावर भाऊ बसले ते उठेचनात. मी शेजारी बसले. अशा वेळी माणसाशी काय बोलावं यावर माझा अख्खा एक धडा आहे. गाडी थांबली की भाऊ प्रत्येक डब्याच्या दाराकडे बघायचे, ती हलली की पुढच्या गाडीची वेळ मला विचारायचे. मी बोर्ड वाचून सांगत राहिले.