मिस्टर हॅरिसनं चहा घेतला का?

तलवाडा,
सोमवार, शाळा सुटल्यावर

तीर्थरूप आप्पांना,

तेजूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलाय खरा, पण पाठीत उसण भरलीय. प्रत्यक्ष भेटीत कमरेपर्यंतच वाकता येईल, बाकीचा पोचला असं समजावं.) इकडं मी, तुमचे जावई आणि आरोही खुशाल आहोत. तुमची खुशाली मात्र विचारत नाही. विचारली की तुम्ही "मी बरा हाय" म्हणता आणि लगेच "बरं, ठेवतो." फोन ठेवता येतो, पत्राला तसं करता येत नाही, म्हणून या जमान्यात कागद घेऊन बसले. जावई विचारत होते, आप्पांना पत्र कावून लिहितेस, फोन बिघडला का? मी म्हटलं, फोन चांगला आहे, आप्पा बिघडलेत.

दिवाळीला मी म्हणाले होते, तेलगावात आता एकट्यानं राहू नका, आमच्याकडं तलवाड्याला या. तुम्ही म्हणालात, "नको. लेकीच्या घरी बाप ऱ्हात नसतो." मला राग आला, मीही "बरं, राहिलं" म्हणाले आणि फुगून बसले. तेव्हापासून आपण फोनवर पाऊसपाणी, कापसाचा भाव आणि आरोहीचं नाक एवढ्याच विषयांवर बोलतो. तर ते "राहिलं" मी या पत्रानं मागं घेतेय. पण आधी परीक्षेचं सांगते, कारण दर फोनला तुम्ही विचारता, "झाली का तुझ्या पोरांची इंग्रजीची परीक्षा?" झाली एकदाची, आप्पा. अशी झाली की अजून डोकं ठिकाणावर नाही.

तर वरून आदेश आला की नववीच्या पोरांना इंग्रजी किती कळतं ते तपासा. वाचून किती कळतं ते निराळं, ऐकून किती कळतं ते निराळं. वाचायचं सोपं, कागद छापून येतो. ऐकायच्या परीक्षेत मात्र आम्ही मास्तरणींनी तोंडच उघडायचं नाही. (आमच्या हेडसरांना, म्हणजे धर्मराज सरांना, हा नियम फार पसंत पडला.) माझ्या मोबाइलवर एका बाईचा आवाज पाठवला होता. ती साहेबी इंग्रजीत उतारा वाचणार, पोरांनी ऐकायचा आणि प्रश्नांची उत्तरं लिहायची. आता मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणार कसा? हेडसरांनी गॅदरिंगचा ब्लूटूथ स्पीकर काढून माझ्या फोनला जोडला. आप्पा, हा स्पीकर कमरेएवढा उंच आहे आणि त्यात शब्दागणिक लाल-हिरवे दिवे लागतात. बाईनं नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तर वर्गात असा उजेड पडला की मागच्या बाकावरचा सिदू नाचायलाच उठला. त्याला बसवला. मग पंख्याची खरखर नको म्हणून पंखे बंद केले, तर शेजारची पिठाची गिरणी ऐकू यायला लागली. हेडसर जातीनं जाऊन गिरणीवाल्याला हात जोडून आले. त्या भल्या माणसानं गिरणी बंद केली आणि इंग्रजी ऐकायला खिडकीत येऊन उभा राहिला. त्याच्या मागं दळणाचे डबे घेतलेल्या बाया. एवढ्या थाटात तलवाड्यात इंग्रजी कुणी ऐकलं नसेल.

त्याआधी वाचनाचा पेपर झाला होता, त्याचं थोडक्यात सांगते. उताऱ्यात लिहिलं होतं, बस नऊ वाजता सुटते, टॉम नऊ वाजून पाच मिनिटांनी स्टॉपवर पोचला. प्रश्न, टॉमला बस मिळाली का? बहुतेकांनी लिहिलं, मिळाली. कारण, बस भरली नव्हती. (आप्पा, ज्या पोरांनी जन्मात काळीपिवळी जीप माणसं भरल्याशिवाय हललेली पाहिली नाही, ती दुसरं काय लिहिणार? एकीनं तर टॉमला खिडकीची जागाही दिली होती.) मी मनात म्हटलं, असू दे, वाचायचा कंटाळा केला असेल, ऐकण्यात तरी भरून काढतील.

ऐकण्याचा उतारा असा. मिस्टर हॅरिस शेजारच्या मिसेस पार्करची छत्री परत द्यायला जातात. मिसेस पार्कर विचारतात, चहा घेणार का? मिस्टर हॅरिस म्हणतात, "नो, थँक्यू," आणि घरी जातात. संपला उतारा. प्रश्न, मिस्टर हॅरिसनी मिसेस पार्करच्या घरी काय प्यायलं? उत्तर, काही नाही. इतकं सोपं की मला पोरांची कीव आली. पेपर गोळा करून चाळते तर काय, पहिल्यात चहा, दुसऱ्यात चहा, तिसऱ्यात अर्धा कप चहा, सिदूच्या पेपरात चहा आणि खारी. आख्ख्या वर्गानं त्या हॅरिसला चहा पाजला होता! मला वाटलं, एकमेकांचं बघून लिहिलं. तावातावानं पंचशीलाला उभी केली. (ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिचं चुकलं म्हणजे सगळ्यांनी तिचंच उतरवलं, हे गणित.) म्हटलं, "अगं, तो नो म्हणाला की नाही?" ती म्हणे, "म्हणला की मॅडम. पण एकदाच म्हणला. एकदा नको म्हणल्यावर बाईनं च्या ठेवलाच असंल." मी विचारलं, उताऱ्यात कुठंय तसं? तर म्हणे, "ते काय सांगायचं असतंय व्हय?" वर सिदू मागून ओरडला, "आन् थँक्यू म्हणलाय की मॅडम! काय घेतल्याबिगर कोण थँक्यू म्हणतंय?"

मी पेपरांचा गठ्ठा उचलला. सरळ स्टाफरूममध्ये गेले आणि धर्मराज सरांनाच उतारा मराठीत सांगून विचारलं, सांगा, हॅरिसनं काय घेतलं? सर म्हणाले, "चहाच घेतला असणार. दारातनं कोणी तसं जाऊ देतं का?" घरी येऊन जावयांना विचारलं. ते म्हणाले, "गुळाचा का साखरेचा?" आप्पा, या गावात ही परीक्षा पास होणारी मी एकटी निघाले, आणि त्याचा मला अभिमान वाटावा की कसं, हेच कळेना झालंय.

पण खरा घोळ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या उताऱ्याला झाला, आणि तो तुमच्यामुळं. बाई हवामानाचं काहीतरी सांगत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. सकाळच्या घाईत आवाज बंद करायचं राहिलं होतं. कट करायला धावले तर घाईत बोट हिरव्या बटणावर पडलं आणि हवामानाच्या ऐवजी त्या राक्षसी स्पीकरमधून तुम्ही बाहेर आलात. लाल-हिरव्या दिव्यांसकट! "तेजू, जेवलीस का?" असं तुम्ही विचारलंत आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो आप्पाऽऽ!" खिडकीतल्या बायासुद्धा म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "कोण गं एवढी पाहुणी आलीत?" मी लाल बटण शोधतेय. तुम्ही आपले सुरूच, "मी बरा हाय. गुडघा तर लई भारी हाय. काल सगळं गाव हिंडून आलो. काय फिकीर करू नको. बरं, ठेवतो." दिवे विझले. (नंतर मी फोन केला तेव्हा तुम्हाला यातलं काही बोलले नाही, लाज वाटली.)

वर्गात कुणी हसलं नाही. एरवी हसून हसून छप्पर उडवलं असतं. आणि मग पंचशीला हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या आप्पांचा गुडघा लई दुखत असंल." मी म्हटलं, गप बस, भारी आहे म्हणालेत ना? तर ती म्हणाली, "तुमी इचारलं कुठं व्हतं?"

आप्पा, मी खुर्चीत बसले. खरंच विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. मग चौकशी सुरू झाली, आणि ती मी नाही, वर्गानं सुरू केली. आप्पा कुठं राहतात? तेलगावला. संगं कोण? कुणी नाही, आई जाऊन तीन वर्षं झाली. मग इकडं आणत का न्हाई? म्हटलं, नको म्हणाले. पंचशीलानं विचारलं, "किती येळा इचारलं?" मी म्हणाले, एकदा. तेव्हा सगळ्या वर्गानं माझ्याकडं असं बघितलं की आप्पा, मिसेस पार्करची सुद्धा इतकी लाज गेली नसेल. बी.ए., बी.एड. झालेली बाई, आणि बापाला एकदाच विचारून फुगून बसली!

परीक्षा कशीबशी उरकली. सुट्टीत पंचशीला माझ्यापाशी थांबली. तिचे आजोबा शहादेव. तेही एकाएकी चकलांब्याला, लेकीच्या घरी, जाईनासे झाले होते. विचारलं की म्हणायचे, तिथलं पाणी खारट हाय. "पाणी गोडच हाय मॅडम तिथलं," ती म्हणाली, आणि खरी अडचण काय होती ते तिनं माझ्या कानात सांगितलं. ती अडचण मी इथं लिहीत नाही, खाली कुठंतरी लिहीन. पण ऐकलं आणि मला तुमचा दिवाळीचा सगळा दिवस डोळ्यापुढं दिसला. दोन दिवस राहायला म्हणून आलात. सकाळपासून चहा नको, पाणी नको, उसाचा रस आणला तर तो आरोहीला दिलात. आणि दिवस मावळायच्या आत उठलात, "म्हशीला पाणी कोण दावील?" म्हणत. आप्पा, म्हैस विकून वर्ष झालंय! मी तेव्हा दारात उभी होते, मला म्हैस विकल्याचं ठाऊक होतं, आणि तरी मला काही कळलं नाही. मी इंग्रजी ऐकून कळतं का ते तपासते म्हणे. मला माझ्या बापाचं मराठी ऐकून कळलं नाही, आणि या गोष्टीचं मला फार वाईट वाटतंय. हे लिहितानाही वाटतंय.

निकाल असा लागला की आमचा वर्ग ऐकण्यात तालुक्याच्या तळाशी आहे. नियमानं चहाला शून्य, तर मी शून्य दिलं. लाल पेन चालत नव्हता पण दिलं. पोरांना मात्र सांगितलं की विलायतेत माणूस नो म्हणाला की तिथली बाई खरंच चहा ठेवत नाही. त्यांना त्या हॅरिसचं फार वाईट वाटलं. सिदू म्हणाला, मग तो छत्री द्यायला गेला कावून? आता पुढच्या चाचणीपर्यंत त्यांना समजावायचंय. तेही होईल हळूहळू.

आणि तुमचं ते लेकीच्या घरी बाप राहत नसतो, हे कारण मला सांगू नका. आजोबा शेवटी मोठ्या आत्याकडंच होते आणि त्यांना तिथं तुम्हीच पोचवलं होतं, स्वतः बैलगाडी हाकत. तेव्हा दुसरं काही शोधा.

आरोही तुमच्या पाया पडते. (म्हणजे मी तसं लिहितेय. ती सध्या दुसरीकडं बसलीय, कुठं ते कळेलच.) पत्र वाचून झाल्यावर चष्मा उशीखाली ठेवू नका, मोडतो.

तुमची,
तेजू

ता. क. आप्पा, दुसऱ्यांदा विचारते, आमच्याकडं राहायला या.

ता. क. दोन. आत्ता तुम्ही "नको" म्हणालात ते ऐकलं. तिसऱ्यांदा विचारते. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आणि जावई गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतोय.

ता. क. शेवटचा. पंचशीलानं कानात सांगितलेलं हे तोंडानं मला बोलता आलं नसतं आणि तुम्हाला ऐकता आलं नसतं, म्हणून तर पत्र. मिस्त्री गुरुवारी येऊन गेला. जुना संडास उखडून त्या जागी, तेलगावला आईसाठी केला होता तसा, खुर्चीसारखा, वर बसायचा बसवलाय. उठताना धरायला भिंतीत दांडी ठोकलीय, ती मी लटकून बघितली, पक्की आहे. आता गुडघा वाकवावा लागणार नाही. पण घरात दिक्कत अशी झालीय की तुमच्या जावयांना त्यावर बसून काही म्हणता काही होत नाही, ते रोज सकाळी टमरेल घेऊन धर्मराज सरांकडं जातात. आणि आरोही बाहुली घेऊन त्यावर जाऊन बसते ती तासभर उठत नाही, मी बाहेर दार वाजवत उभी. घरात तो नीट वापरील असं माणूसच नाही, आप्पा. लवकर या.