पट्टीवरची सगळ्यात खालची रेघ

६ फेब्रुवारी १९६१, तुरिन

नव्या गाडीचा लाकडी सांगाडा आला. रिवाजाप्रमाणे सगळे एकेक करून आत बसलो. जाकोमो सुतार बाजूच्या उभ्या पट्टीवर ज्याच्या त्याच्या डोळ्यांच्या उंचीची रेघ मारतो, पुढे नाव लिहितो. डॅशबोर्डवर काटे कुठे, दिवे कुठे, ते त्या रेघांवरून ठरतं. माझी पाळी आली तेव्हा टाचा रोवून बुड अर्धी वीत उचललं. दर गाडीला उचलतो! बुटका म्हणवून घ्यायला मी काय सर्कशीत आहे?

सगळ्यात खालची रेघ एर्सिलियाची. तारांचे नकाशे काढते ती. म्हटलं, "पुढच्या वेळी आईच्या मांडीवर बसून या, बाई!" सगळे खो-खो हसले. ती नाही हसली.

९ फेब्रुवारी

बया थेट डायरेक्टर वाल्लाउरींकडे गेली! "साहेब, इंजिनातलं तेल संपत आलं की लागणारा लाल दिवा स्टिअरिंगच्या कडेआड जातो. माझ्या उंचीच्या माणसाला दिसायचा नाही. तीन बोटं खाली घ्या."

"ब्रुनेंगो, डॅशबोर्ड तुमच्याकडे. तुमचं काय म्हणणं?"

"एका ठेंगणीसाठी अख्खा डॅशबोर्ड बदलायचा? तिच्या रेघेजवळ दुसऱ्या कुणाची रेघ दाखवा म्हणावं!"

पट्टीवर नव्हतीच कुणाची. जिरली! पण ती पट्टीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. बघ म्हणावं, काय बघायचंय ते.

१० फेब्रुवारी

जाकोमोचा रंधा घेतला नि तिची रेघ तासून टाकली. दिवा वरच!

१९ सप्टेंबर



पहिली तयार गाडी घेऊन वाल्लाउरींना डोंगरात नेलं. जेवणात अग्नोलोत्ती चापून म्हातारा शेजारी घोरत होता. चढावर इंजिन किंचाळलं नि जाम झालं. तेल संपलेलं! मान उंच करून पाहिलं — कडेमागे लाल दिवा पेटलेला. कधीपासून, देव जाणे. मला दिसलाच नाही.

म्हातारा डोळे चोळतोय तोवर डॅशबोर्डखाली हात घालून मी दिव्याची तार उपटली. "दिवा लागलाच नाही, साहेब! तारच सुटलेली!"

२२ सप्टेंबर

चौकशी झाली. वाल्लाउरी भडकलेले. "तारांचा नकाशा कुणाचा?"

"माझा," एर्सिलिया म्हणाली.

"काही सांगायचंय?"

तिच्या हातात घडी केलेला कागद होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या जाड तळाच्या बुटांकडे. "नाही, साहेब."

लगेच घरी बसवली. घरी दोन धाकटी भावंडं आहेत म्हणे, हिच्याच जिवावर. असतील! सुंठीवाचून खोकला गेला.

२३ सप्टेंबर

तिचा खण मोकळा करायला घेतला. तोच कागद. दुपारी बाकावर बसून पाव खाताना तिने आम्हा सगळ्यांची उंची आमच्या नकळत मोजलेली — बाकापासून डोळ्यांपर्यंत. शेवटच्या दोन ओळी:

एर्सिलिया — ७१ सेंटिमीटर.
ब्रुनेंगो — ६९.

खाली तिच्याच बारीक अक्षरात: "हे कुणाला दाखवायचं नाही. त्यांच्या मनाला लागेल."