एका नळीचा श्वास

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! काचेच्या बरण्या फुंकायचा छोटा कारखाना, भट्टीची धग आणि सगळे कारागीर हसतमुख. इथे लोखंडी नळी या तोंडातून त्या तोंडात जाते. एकाचा दम संपला की पुढचा फुंकतो. मी रुमालाने टोक पुसलं, तर सगळ्यांची तोंडं वाकडी. उस्ताद म्हणाले, पोरी, नळी पुसणं म्हणजे माणसाला परकं म्हणणं. पहिल्याच दिवशी कशाला वाकड्यात शिरा, म्हणून न पुसता फुंकली. बरणी मात्र झकास झाली.

२१ मार्च
गालाला आतून पांढरा चट्टा आलाय. खरवडूनही निघत नाही. उस्तादांनी तो पाहून चक्क अभिनंदन केलं, म्हणाले, आता तू घरची झालीस. मग सगळ्यांनी आ करून आपापले चट्टे दाखवले. सर्वांत जुन्या कारागिराची अख्खी जीभच पांढरी. तो कित्येक वर्षांत बोललेला नाही. मला आपलं वाटायचं, शिष्ट आहे. आणि मी? मला तर बडबड केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. भीती वाटली, खरंच वाटली.

४ एप्रिल
ताई दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने कान धरून नेलं. डॉक्टर म्हणाले, विषाणूचा संसर्ग दिसतोय. कॅन्सर नाही, पण दुर्लक्ष केलं तर होऊ शकतो. तपासायला छोटा तुकडा कापला. त्याच वेळी कारखान्यात सगळ्यांच्या गालातून रक्त आलं म्हणे.

७ एप्रिल
रिपोर्ट आला. पेशी बदलायला लागल्यात, चट्टा पूर्ण काढायचा. उस्ताद घरी येऊन हात जोडू लागले. आपला सगळ्यांचा श्वास एकच झालाय, तुला कापलं की आम्ही संपलो, म्हणाले. मी सुनावलं, तोंड माझं, जीभ माझी. त्यांनी नुसते गाल फुगवले. माझे गाल फुगले. हातांनी दाबले, तरी फुगतच —

९ एप्रिल
बोलताना मध्येच कुणीतरी माझ्यातून फुंकतं. शब्द अर्धेच — ताईला लिहून सांगते. लिहीन! करा म्हणावं मुकी.

१० एप्रिल
दवाखान्याची खुर्ची. गाल बधिर, वही मांडीवर. खिडकीबाहेर कारखान्यातले सगळे रांगेने उभे. तोंडं मिटलेली —

श्वास रोखलाय त्यांनी. माझा आत येत नाही —

ताई ओरडतेय, थांबा म्हणतेय. नाही. आ केलाय, मिटणार नाही. डॉक्टरांना खूण केली. आधी कुणाचा दम सुटतो, बघूच —

कापा. का