जवळच्या तळ्याचा मासा

८ मे
चिखलवाले परत आले! गेल्या वर्षी बर्फाला भोक पाडून दाराशी असलेल्या तळ्याचा गाळ नळीत भरून नेला, आत्ता उत्तर घेऊन उगवलेत. मधल्या काळात आम्ही तिथला किती मासा खाल्ला, त्याची कुणाला पडलीये!

९ मे
सभा झाली. त्यांची म्होरकी मार्गो अगदी हळू बोलली, घरात कुणी गेल्यासारखं. गाळात विष आहे. कुजत नाही, जात नाही, चरबीत जाऊन बसतं. "थोडं वाऱ्याबरोबर लांबच्या देशांतून येतं. पण इथे इतकं आहे की जवळूनच कुणीतरी टाकलंय." तळ्याचा मासा बंद.

माझ्या लेकीला, उलायुकला, आठवा लागलाय. डिसेंबरात तिचा बाप गेला, तेव्हापासून मी तिला तोच मासा घालतेय. पोटाकडचा चरबीचा तुकडा आधी तिला!

१० मे
नर्स म्हणाली, "अंगावर पाजच. पण साठलंय त्यातलं थोडं दुधातून उतरणार."
उलायुक म्हणाली, "आई, तू काय मुद्दाम दिलंस?" मला जास्तच लागलं.

१७ मे
माझा नवरा, कल्लुक, चाळीस वर्षं मासे धरायला लांबच्या तळ्यावर जायचा. दोन-दोन दिवस मोडायचे. मी म्हणायचे, "दाराशी तळं असताना कुठे तडफडतोस?" "इथल्याला चव नाही." एवढंच. सगळे हसायचे, मीही. तो गेला, मला एकटीला लांब जाणं होईना.

३ जून
पानिलू चहाला आला. कल्लुकचा जुना जोडीदार. मी त्या चवीची गोष्ट काढली, तर पेला खालीच ठेवला त्याने.
"टेकडीवरचं लष्कराचं रडार बंद झालं, तेव्हा आम्ही दोघं तिथे कामाला होतो. साहेब म्हणाला, विजेच्या यंत्रांतल्या तेलाची पिंपं दाराशीच्या तळ्याच्या बर्फावर नेऊन ठेवा, उन्हाळ्यात आपोआप बुडतील. ठेवली."
"आणि गप्प बसलात?"
"आम्हाला काय माहीत, वहिनी!"
माहीत नव्हतं? मग इथल्या माशाची चव कुठे गेली होती, कल्लुक मेल्या!

४ जून
दोन दिवस होते तुला मरताना, कल्लुक. कुत्री कुणाला, गाडी कुणाला, सगळं नीट सांगितलंस. तळ्याचं तेवढं तोंडातून निघालं नाही! लाज वाटली असेल. वाटू दे.

१२ जून
उलायुकला सांगायचंच म्हणून गेले. बापाचे हातमोजे उशाशी घेऊन निजली होती. परत आले.

१९ जून
मुलगा झाला. मी तोंड उघडायच्या आत तिने बापाचं नाव ठेवलं. आमच्यात ज्याचं नाव ठेवलं, तोच परत आला असं धरतात. आजपासून मी या पोराला नवरा म्हणून हाक मारायची. भुकेने टाहो फोडत होता. मीच उचलून तिच्या छातीशी दिला.