डावं फूल

कमलेश,

उल्हासनगरच्या हॉस्पिटलचा फोन आला, बेड मिळालाय. तू कंपनीत, म्हणून शेजारच्या बनूबाईंना घेऊन रिक्षाने निघाले. कुकरमध्ये डाळभात आहे, जेवूनच ये.

ऑपरेशन करू की नको, म्हणून काल देवीला फुलं लावून कौल घेतला. उजवं पडलं, म्हणजे होकार. तू लगेच पाया पडलास तेव्हाच मला शंका आली. एरवी तू देव्हाऱ्याकडे बघतसुद्धा नाहीस. आज पूजेला बसले तर डावं फूल निघता निघेना. गाढवा, डिंक लावलास ना?

कोमट पाण्याने पुसून काढलाय.

आजवर रोज तिनेच मला हाताला धरून चालवलं. काल तिने तुझा हात धरला असेल.

मी परत नाहीच आले, तर स्वतःला दोष देऊ नकोस. कौल तिचाच होता.

आई