रोज सकाळच्या दोन कॅप्सूल

बाबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

शहाऐंशी साल. धाकटा बावीस वर्षांचा, वर्षभर गर्द ओढत होता. गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे त्याला तुम्हीच नेलंत, मी सोबत होते. डॉक्टरांनी समजावलं की गर्द एकदम तोडलं तर शरीराला सोसत नाही; अफूच्याच जातीचं, पण कारखान्यात बनवलेलं औषध मोजून द्यायचं आणि हळूहळू कमी करत न्यायचं. तुम्ही देवळाली कॅम्पातल्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून औषध तुमच्याच ताब्यात दिलं. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात की एक व्यसन सोडवायला दुसरं कशाला.

रोज सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही माझ्या तळहातावर दोन कॅप्सूल ठेवायचात आणि मी त्या त्याला नेऊन द्यायची. तिसऱ्या दिवशी तो पोट धरून फरशीवर पडलाय. नाक गळतंय, पाय झाडतोय. मला विचारतो, "ताई, औषध हेच आहे ना? काहीच फरक पडत नाही गं."

"हेच आहे," मी म्हणते. "जरा धीर धर."

सहाव्या दिवशी तो पळाला. अकरा महिन्यांनी मनमाड स्टेशनावर सापडला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. तुम्ही नातेवाइकांना सांगत राहिलात की औषधसुद्धा लागू पडलं नाही, पोरात दमच नाही. मीही मान डोलावत राहिले.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर मेथी निवडताना आईनं सांगितलं. तुम्ही कॅप्सूल उघडून औषध मोरीत ओतायचात आणि आत ग्लुकोज भरायचात. मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही म्हणाले. आणि तू दिलंस तरच तो घेईल."

तुम्हाला त्याचं भलंच करायचं होतं, हे कळतं मला. पण माझा खरेपणा तुम्ही वापरलात, बाबा. लबाडीत सामील व्हायला सांगितलं असतंत, तर निदान नाही म्हणता आलं असतं.

तो सुटला, पण त्यात दहा वर्षं गेली. आता पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये असतो. रविवारी जेवायला आला होता. म्हणाला, "बाबांनी सगळं केलं गं माझ्यासाठी. मीच नालायक निघालो." मी त्याला पोळी वाढली.

हे पत्र खरं तर त्यानं वाचायला हवं. आईनं सांगितल्याला अठरा वर्षं झाली, आणि मी त्याला अजून काही बोललेले नाही.