खांबाआडची जागा

३ सप्टेंबर ९८, गुरुवार
शिरूरहून न्हावऱ्याची एसटी आज वेळेवर. बिरोबाच्या मंडपात बायकांचा साक्षरता वर्ग. रंगवलेल्या भिंतीला देवस्थानवाले खिळा ठोकू देत नाहीत, म्हणून संक्रांतीपासून अक्षरांचा आणि धड्यांचा तक्ता जमिनीवरच अंथरतो. कोपऱ्यांवर दगड, भोवती आम्ही.

आज सगुणानं धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नेहमीच्या जागी, माझ्या समोर, खांबाला टेकून. पदर कपाळापर्यंत, बोट तक्त्यावर. शेवटच्या ओळीला तिचा आवाजच बदलला. ती ओळ तिनं वाचली नाही, तिला कोणी हळूच येऊन सांगितली, असा. अंगावर काटा आला. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली तरी या क्षणाची सवय होत नाही. होऊ नये.

सुटल्यावर थांबली. दिवाळी झाली की तिचे मालक, म्हणजे यजमान, मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागणार. गावातले बाकीचे धनगर शेतीत स्थिरावले, हे अजून जातात. दरवर्षी तीही जाते, मुलगी सासूजवळ राहते; गेल्या वर्षी सासूच्या आजारपणात तेवढी घरी राहिली. यंदा मंगलला, मुलीला, चौथीतून काढून बरोबर न्यावं लागेल. सासू गेली, मागं सांभाळायला कोणी नाही.

"काम पक्कं झालं तर ऱ्हा म्हनत्यात मालक. बाई, मला वाचाया येतंय, मग काम भेटंल का?"

मी हो म्हणाले. लगेच. एसटीत बसल्यावर वाटलं, कशाच्या जोरावर?

७ सप्टें., सोम.
शिक्रापूर. सगुणासाठी काम बघायला. ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडायलाच जीव मुठीत. बियाण्यांची पाकिटं भरणारी कंपनी आहे, तिथं बायका घेतात. सुपरवायझर तरुण, नगरकडचा, बोलायला सरळ. म्हणाला, पाकिटावरचं नाव वाचून खोक्यात लावायचं, एवढंच काम. पण वाचता आलंच पाहिजे, मेथीच्या खोक्यात शेपू गेला की दुकानदार आमचा जीव खातो. पुढच्या सोमवारी घेऊन या.

सगुणाला सांगितलं तर ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेजारून शमाभाभी (बांगड्या विकतात, वर्गातल्या सर्वांत वडील) म्हणाल्या, "आता कंपनीवाली झाली गं. उद्या आमास्नी वळखायची न्हाईस."

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू फार लवकर आनंदी होतेस. खरं आहे.

१४ सप्टें., सोम.
नीट लिहिते. घाईनं लिहिलं तर चुकीचं लिहीन.

न्हावऱ्याच्या स्टँडवर सगुणानं मला विचारलं, ही गाडी कुठली. पाटी समोर होती. मी म्हणाले, वाचा की. ती म्हणाली, "ती अक्षरं अजून झाली न्हाईत, बाई." जरा राग आला मला. वाटलं, घाबरली आहे.

कंपनीत टेबलावर मिसळलेली पाकिटं ओतली. भेंडी, मेथी, गवार, शेपू. सगुणानं एकेक उचललं, उलटं केलं, डोकं खाली आणि पाय वर, ओठांत पुटपुटली आणि बरोबर खोक्यात ठेवलं. एकही चुकलं नाही. पण सगळी उलटी लागली. शेजारच्या बायका आधी खुदखुदल्या, मग मोठ्यानं हसल्या. सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, ह्यांना वाचता येत नाही. चित्र बघून लावतायत. पुस्तक उलटं धरणाऱ्याला काय वाचता येणार?"

मी सगुणाची बाजू घेतली नाही. कारण मलाही तसंच वाटलं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

येताना एसटीत ती खिडकीकडे बघत होती. शिरूर फाट्याच्या पुढं एवढंच म्हणाली, "म्या वाचूनच लावली, बाई."

१५ सप्टें.
आज कळलं.

तिच्या हातात नवं पुस्तक दिलं, तक्त्यावर नसलेला धडा. तिनं ते शांतपणे उलटं केलं आणि वाचू लागली. घडाघडा. न पाहिलेला धडा.

मग पाटी दिली. म्हटलं, तुमचं नाव लिहा. तिनं लिहिलं आणि नेहमीसारखी पाटी सरळ माझ्याकडं सरकवली. सुरेख, सुलट, सगुणा. गेले कित्येक महिने मी असंच शाबास म्हणत आलेय. आज पहिल्यांदा पाटीकडं न बघता तिच्या हाताकडं बघितलं होतं. उजवीकडून सुरुवात. प्रत्येक अक्षर तिच्या बाजूनं उलटं.

उठले आणि तिच्या जागेवर, खांबाआड, जाऊन बसले. तक्ता तिथून पाहिला.

सगळी अक्षरं डोक्यावर उभी.

संक्रांतीपासून ती हेच बघत आली. माझ्या समोर बसून. माझी छडी डावीकडून उजवीकडं जायची, ती तिच्यासाठी उजवीकडून डावीकडं. ती तशी शिकली. सगळी बाराखडी. जोडाक्षरं. मला क ओळखायलाही तिथून क्षणभर थांबावं लागत होतं.

घरी? मंगल पुस्तक घेऊन चुलीच्या पलीकडं बसते, ही अलीकडं भाकरी थापत बघते. तिथंही उलटंच. आणि एसटीच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या? "मला वाटायचं ती पुढच्या पुस्तकातली असत्याल. मोठ्या मानसांची."

१६ सप्टें.
झोप नाही. तिथंच का बसायची रोज, हे आज समजलं. मंडपासमोरच्या ओट्यावर आप्पा बसतात, तिचे चुलतसासरे. त्यांच्या नजरेसमोर सून बसत नाही. खांबाचा आडोसा तेवढ्या एका बाजूला आहे. बाकीच्यांना कुठंही चालतं, तिला एकच जागा. मी ती जागा रोज बघत होते आणि म्हणत होते, लाजरी आहे.

कडेला बसणाऱ्या दोघी मान वाकडी करून वाचतात. मला वाटायचं, मन लावतायत.

शमाभाभींना विचारलं, तुम्हाला हिचं उजवीकडून लिहिणं दिसलं नाही? म्हणाल्या, "दिसलं की. आमचं कुराणशरीफ बी उजवीकडूनच चालतं. म्या म्हनलं, आसंल तुमच्यात बी तसं कायतरी." सगळ्या हसल्या. सगुणा सगळ्यांत जास्त. कंपनीतून आल्यापासून पहिल्यांदा.

मीही हसले. पण दिवसभर डोक्यात एकच. एखाद्या माणसाला शिकायचं असलं तर ते किती शिकतं. आम्ही जग उलटं करून समोर ठेवलं तरी.

२१ सप्टें., सोम.
दौंड. साक्षरता केंद्रांची बैठक. रेल्वेच्या भोंग्यांत निम्मं ऐकू येत नाही. केंद्रवार साक्षर किती, सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, एक बाई आहे, तिला कुठं धरू कळत नाही. मग सगळं सांगितलं.

आधी हशा. मग यवतच्या केंद्राच्या बाई म्हणाल्या, "आम्हीपण जमिनीवरच अंथरतो हो." आणखी दोघांनी माना हलवल्या. चहाला उठलो तेव्हा प्रत्येकजण मनात आपापल्या तक्त्याभोवतीची माणसं बसवून बघत होता.

बैठक घेणारे साहेब म्हणाले, वाचते ना? मग साक्षर लिहा. मी रकाना रिकामा ठेवला. बरोबर केलं का, माहीत नाही. तिला साक्षर न म्हणणं खोटं. म्हणणं, सध्या, अर्धं.

२४ सप्टें.
सुलटं शिकवायला घेतलं. वाटलं होतं, चार दिवसांत होईल. उलट दोन्ही विस्कटलं. आज उलटंही नीट वाचता येईना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी काय मोडलं?

विचारलं, काय अवघड वाटतं.

"माझी अक्षरं भुईवर उभी व्हती, बाई. खाली रेघ, तिच्यावर झाडावानी उगवल्याली. तुमची वरच्या रेघंला टांगल्याली दिसत्यात. वाळत घातल्यावानी. पडत्याल आसं वाटतं."

चाळीस वर्षं ती रेघ मी वर काढतेय. तिच्याखाली अक्षरं लोंबतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

२५ सप्टें.
ती माझ्या शेजारी बसल्याशिवाय जमणार नाही. पण माझ्या बाजूनं ओटा समोर. आप्पांना काय सांगू? सांगायचा मला अधिकार आहे का? ते कधी काही वाईट बोललेले नाहीत, नुसते बसतात, तंबाखू मळतात. रीत त्यांनीही काढलेली नाही.

न सांगताच आले. भित्रेपणा की मर्यादा, ठरवता येत नाही.

२९ सप्टें.
आज ओटा रिकामा. आप्पा पलीकडं लिंबाखाली, मंडपाकडं पाठ करून. वर्गात मी कोणाला काही बोलले नव्हते. माझी अडचण कोणाला माहीतही नाही असं मला वाटत होतं. शमाभाभी बांगड्यांची पेटी आवरत बसल्या होत्या, माझ्याकडं अजिबात बघत नव्हत्या.

जाताना नमस्कार केला. आप्पा म्हणाले, "हितं वारं बरं लागतंय." वारं अजिबात नव्हतं.

सगुणा तक्त्याला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी बसली. पहिलं अक्षर काढायला तिला फार वेळ लागला. मी थांबले.

६ ऑक्टो.
वाचते. टांगलेलंही. मधूनच मान खाली घालून उलटं बघून घेते, खात्री करावी तशी. करू दे.

न्हावऱ्याच्या स्टँडवर मला सोडायला आली. लांबून गाडी येताना दिसली आणि ती माझ्याआधी म्हणाली, "शिरूर." मग गाडी गेली तरी बघत राहिली. मागची पाटीही वाचली तिनं. मग दुकानाची. मग दवाखान्याची. एवढे दिवस ही सगळी इथंच होती. माझी गाडी चुकली. चुकू दिली.

८ ऑक्टो., गुरु.
शिक्रापूर, दुसऱ्यांदा. सुपरवायझर तयारच नव्हता; मी म्हटलं, फक्त एकदा. त्याच बायका. त्यांनी एकमेकींना कोपरं मारली.

टेबलाच्या एका बाजूला सगुणा, समोर दुसरी बाई. सगुणा हळू लावत होती, पण सुलटी. मध्येच हात थांबवला आणि समोरच्या बाईला म्हणाली, "ताई, त्यो शेपू हाय. तुमी मेथीत टाकताय."

समोरचीचं पाकीट तिच्याकडं तोंड करून होतं. सगुणाला उलटं दिसत होतं. सुपरवायझरनं ते उचलून बघितलं. शेपू.

त्यानं दोन-चार पाकिटं घेऊन तिच्यासमोर धरली, कधी सुलटी, कधी उलटी. ती वाचत गेली. त्यानं विचारलं, हे कुठं शिकलात. तिनं माझ्याकडं बोट केलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

दिवाळीनंतर नवी माणसं घ्यायची ठरलं की कळवतो, म्हणाला. नक्की? वरून मंजुरी आली की. शब्द दिला नाही. खोटंही बोलला नाही, असं वाटतं.

पण मेंढरं दिवाळी झाली की निघणार.

२३ ऑक्टो., शुक्र.
दिवाळी झाली. शिक्रापूरहून काही नाही. काल फोन केला, सुपरवायझर रजेवर.

आज सकाळी न्हावऱ्याला पोहोचले तर बिरोबाच्या समोर घोडं उभं. भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची जाळी, सगळं लादलेलं. मेंढरं नारळाची वाट बघत माळावर. मंगल पायरीवर, दप्तर मांडीवर. मालक, सगुणाचे यजमान, उंच, कमी बोलणारे. आज पहिल्यांदा जवळून बघितले.

मी काही सांगायच्या आधीच त्यांना कळलं, शिक्रापूरहून निरोप नाही. दप्तराकडं बघून म्हणाले, मग चला.

सगुणा म्हणाली, "मी ऱ्हाते."

कामाचं पक्कं कुठंय, त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. काम नाही झालं तर तू आमच्यापर्यंत येणार कशी, आम्ही कुठल्या रानात असू हे तुला कोण दाखवणार. दरवर्षी बरोबर नेण्याचं खरं कारण हे होतं, मला आज समजलं. मागं राहिलेलं माणूस पुन्हा सापडत नाही, अशी त्यांची वाट.

"तुमी मुक्काम सांगा. गावाचं नाव सांगा फकस्त. काम न्हाई झालं तर एसटीनं येते. पाट्या वाचाया येत्यात मला."

ते मग मंडपात उकिडवे बसले. पहिला मुक्काम यवताच्या अलीकडं, आठवडाभर, म्हणाले.

सगुणानं माझ्या हातातला खडू घेतला आणि त्यांच्या समोर फरशीवर बसली. आणि तिनं उजवीकडून सुरुवात केली.

क्षणभर वाटलं, विसरली, जुन्या सवयीवर गेली. मग कळलं. ती त्यांच्यासाठी लिहीत होती. तिच्याकडून उलटं, त्यांच्या बाजूनं सुलटं. यवत. एका अक्षरातही हात अडला नाही.

ते वाकून बघत राहिले. वरच्या रेघेवर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडं फिरवलं. "हे यवत?"

"व्हय."

"आन् यवतात बी आसंच लिवलेलं आसतं?"

"आसंच."

नारळ फुटला. मेंढरं हलली. मंगल दप्तर घेऊन घराकडं पळाली, मागं वळून वळून बघत. सगुणा फरशी पुसायला लागली तर जाता जाता ते म्हणाले, ऱ्हाऊ दे.

मी तक्ता गुंडाळला. जमिनीवरचं तसंच ठेवलं. सोमवारी पुन्हा शिक्रापूरला जाणार.